हमी शंभर रुपयांची, पण संस्था कुणाची?

आपल्या समाजात संस्था काढणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. वस्तीत चाळीस घरे असली तर मंडळे दोन, आणि जयंतीच्या पावतीपुस्तकावर तिसऱ्याच मंडळाचे नाव, हे आपण सारे पाहतो आणि हसून सोडून देतो. खरे तर त्यात हसण्यासारखे काही नाही. ज्यांना पिढ्यान् पिढ्या गावच्या पारावर बसू दिले नाही, त्यांना स्वतःची सभा भरवावीशी वाटणारच. प्रश्न त्यापुढचा आहे. संस्था निघतात, टिकत का नाहीत? संस्थापकाचा जलदान विधी आटोपतो आणि सहा महिन्यांच्या आत दोन कार्यकारिणी उभ्या राहतात. दोन अध्यक्ष, दोन सचिव, दोन शिक्के!

अशा एका संस्थेचा दावा आम्ही स्वतः चालवला आहे. नाव सांगण्याचे कारण नाही, कारण वाचकांना आपापल्या तालुक्यातले नाव आठवेलच. दोन्ही गटांचे बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात पडून, बँकेने खाते गोठवलेले, आणि मुलींच्या वसतिगृहाच्या दाराला दोन कुलपे, एकेका गटाचे एकेक. त्या वर्षी तिथल्या मुली कुठे राहायला गेल्या याचा उल्लेख कुठल्याच गटाच्या अर्जात नव्हता. आम्ही दोन्ही बाजूंचे कागद वाचले म्हणून सांगतो.

आणि हे केवळ तालुक्याच्या पातळीवर घडते असे नाही. दादरचे आंबेडकर भवन आठवा. २५ जून २०१६ च्या पहाटे ती वास्तू आणि तिथला बुद्धभूषण छापखाना पाडला गेला. पुढच्याच महिन्यात मुंबईत लाखोंचा संताप रस्त्यावर आला. एका बाजूला पीपल्स इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या नावाने बोलणारे विश्वस्त, दुसऱ्या बाजूला बाबासाहेबांचे वारस आणि त्यांच्यामागे उभा राहिलेला समाज. कोण खरे, कोण खोटे याचा निवाडा आम्ही या स्तंभात करीत नाही. पण ज्या वास्तूबद्दल प्रत्येक भीमसैनिक 'ही माझी' म्हणतो, तिच्या कागदावर मात्र त्याला बोलायला जागाच नव्हती, एवढे त्या पहाटेने दाखवून दिले. भावना लाखोंची आणि अधिकार मोजक्यांचा, अशी ही रचना आहे.

हे सगळे पुन्हा उगाळण्याचे कारण सायखेड्याहून आमच्याकडे आलेला एक प्रश्न. सायखेडा हे निफाड तालुक्यातले गोदाकाठचे गाव. पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा उपबाजार इथे भरतो. कांदा, द्राक्षे, ऊस यांचा हा संपन्न पट्टा, पण आपल्या बहुतेक घरांचा त्यातला वाटा मजुरीपुरता. ऑगस्ट २०१६ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरी सायखेडा-चांदोरीच्या घराघरांत शिरली. अशा वेळी मदत येते, बाहेरगावचे लोक मनापासून पाठवतात. परंतु वस्तीच्या नावाचे खातेच नसेल तर ती कुणातरी कार्यकर्त्याच्या बचत खात्यावर येते. कार्यकर्ता प्रामाणिक असला तरी त्याच्यावर आयुष्यभराचा संशय, आणि नसला तर विचारायलाच नको.

तिथल्या काही शिकलेल्या तरुण-तरुणींना आता एक अभ्यासिका काढायची आहे. पूररेषेच्या वर जागा हवी, स्पर्धा परीक्षांची पुस्तके हवीत, मुलींसाठी रात्री नऊपर्यंत बसण्याची सोय हवी. नाशिकच्या कुणा एजंटाने त्यांना सांगितले की सेक्शन आठची कंपनी काढा, पंधरा दिवसांत कागद हातात देतो, मग सी.एस.आर.चा पैसा दारात रांग लावील. त्यांनी आम्हाला विचारले: ट्रस्ट करावा, सोसायटी करावी, की कंपनी? प्रश्न एका गावचा नाही, म्हणून उत्तर जाहीरपणे देतो.

'कंपनी' हा शब्द ऐकला की आपल्या माणसाच्या डोळ्यांपुढे सातपूर-अंबडचे धुराडे आणि गेटवरचा वॉचमन येतो. शेअर, नफा, मालक. पण कायद्यात कंपनीचा आणखी एक प्रकार आहे, जिला शेअर नाहीत, भांडवल नाही आणि मालकही नाही. तिला हमीने मर्यादित कंपनी म्हणतात. तिच्या प्रत्येक सभासदाने एवढेच लिहून द्यायचे की, कंपनी कधी बुडाली आणि गुंडाळावी लागली तर मी अमुक रुपये भरीन. ही रक्कम शंभर रुपये ठेवली तरी चालते. सभासदत्व सोडल्यानंतर एक वर्षापर्यंत ही हमी त्याच्या डोक्यावर राहते, मग तीही संपते. त्यापलीकडे संस्थेच्या कर्जासाठी त्याच्या घरावर, म्हशीवर कुणी येऊ शकत नाही. हा प्रकार इंग्रजी कायद्यातून आला. तिकडची ऑक्सफॅमसारखी जगभर काम करणारी संस्था याच स्वरूपात नोंदलेली आहे. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम ८ त्याला जोडले की बिननफ्याची कंपनी तयार होते. पूर्वी १९५६ च्या कायद्यात हेच कलम २५ होते. अनुसूचित जातींसाठीचे राष्ट्रीय वित्त व विकास महामंडळ १९८९ साली याच कलम २५ खाली निघाले. आपण मोबाईलवरून ज्या यू.पी.आय.ने पैसे पाठवतो, ती चालवणारी संस्थाही याच कलमाची. म्हणजे ही काही आडवाटेची पळवाट नव्हे. मात्र लक्षात ठेवा, कलम ८ ची कंपनी शेअरचीही असू शकते. तिथे ज्याचे शेअर जास्त त्याची मते जास्त. हमीच्या कंपनीत शेअरच नाहीत, म्हणून कायद्याने दिलेल्या नमुना नियमांत प्रत्येक सभासदाला एकच मत आहे. पाच लाखांची देणगी देणारा डॉक्टर आणि शंभर रुपयांची हमी देणारी द्राक्षबागेतली मजूर बाई, दोघांचे मत सारखे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी ज्या एक माणूस, एक मूल्य याची काळजी वाहिली, ते निदान आपल्या अभ्यासिकेच्या सभेत तरी आणता येते. एजंट हा फरक सांगत नाहीत. ते छापील फॉर्म भरतात आणि शेअरचीच कंपनी करून देतात, कारण त्यांचा साचा तोच असतो.

आता मुख्य मुद्दा. सोसायटीची मालमत्ता कायद्याने कुणाकडे असते? १८६० च्या कायद्याप्रमाणे, वेगळे विश्वस्त नसतील तर ती तिच्या कार्यकारी मंडळाकडे असल्याचे मानतात. ट्रस्टची मालमत्ता विश्वस्तांकडे. म्हणून 'कार्यकारिणी कोणती' हे भांडण उभे राहिले की ते आपोआप 'जागा कुणाची' याचे भांडण होते. कंपनी ही मात्र कायद्याच्या नजरेत स्वतंत्र व्यक्ती आहे. जागा तिच्या स्वतःच्या नावावर. संचालक आले, गेले, भांडले, वारले, तरी उताऱ्यावरचे नाव हलत नाही. तिचे उद्देश बदलायचे तर कंपनी निबंधकाची आधी परवानगी लागते. नफा सभासदांत वाटता येत नाही. कंपनी बंद झालीच, तर उरलेली मालमत्ता तशाच उद्देशाच्या दुसऱ्या कलम ८ कंपनीकडे जाते किंवा विकून सरकारी निधीत जमा होते, सभासदांच्या घरी जात नाही. आणि तिचे ताळेबंद, संचालकांची नावे ही शंभर रुपये फी भरून कुणालाही पाहता येतात. पुण्यात नोकरीला असलेल्या सायखेड्याच्या पोराला गावच्या अभ्यासिकेचा हिशेब बघायला सचिवाच्या कपाटाची किल्ली मागावी लागत नाही!

कुणी म्हणेल, हे कागदाचे खेळ वकिलांना सुचतात, चळवळ कागदावर चालत नसते. अशांना आम्ही १९२४ सालाकडे बोट दाखवतो. ९ मार्चला परळच्या दामोदर हॉलमध्ये सभा झाली आणि २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. बाबासाहेबांनी ती १८६० च्या त्याच कायद्याखाली रीतसर नोंदवली. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड, व्यवस्थापक मंडळाचे प्रमुख स्वतः बाबासाहेब, चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर, आणि खजिना निवृत्ती तुळशीदास जाधव यांच्याकडे. बॅरिस्टर होऊन नुकताच परतलेला तो माणूस सगळी पदे एकट्याने घेऊ शकला असता, त्याला अडवणारे कुणी नव्हते. त्याने घेतली नाहीत. पुढच्याच जानेवारीत सोलापूरला वसतिगृह उघडले. त्याच १९२५ पासून पुढची तीनेक वर्षे बाबासाहेब मुंबईच्या बाटलीबॉय अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते, हे आपल्या भाषणबहाद्दरांना सहसा माहीत नसते. करार, हमी, भागीदारी हे शब्द त्यांच्या रोजच्या वापरातले होते.

आणखी मागे जायचे तर दूर कुठे जायला नको. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांवर, ज्यांना लोक अजूनही पांडवलेणी म्हणतात, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने संघासाठी तीन हजार कार्षापण दिले, पण ते भिक्खूंच्या हातात दिले नाहीत. गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले, एकीकडे दोन हजार, दुसरीकडे एक हजार. मुद्दल कधीही परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. त्याला अक्षयनीवी म्हटले आहे. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक या दराने वर्षाचे व्याज होते दोनशे चाळीस, आणि वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण म्हणजेही बरोबर दोनशे चाळीस. हिशेब दगडात कोरलेला! शिवाय हे सारे निगमसभेत वाचून दाखवले आणि दप्तरी नोंदवले, असेही तिथे लिहिले आहे. नंतरच्या काळातल्या आभीर राजाच्या लेखात विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी असाच ठेवा श्रेणींकडे ठेवल्याची नोंद आहे. देणगीदार वेगळा, पैसा सांभाळणारा वेगळा, उपभोग घेणारा वेगळा, आणि नोंद सार्वजनिक. कंपनी कायद्याने आपल्याला शिकवण्याआधी त्याच गोदावरीच्या काठी हे चालू होते. त्यामुळे 'कंपनी' हा शब्द परका वाटला तरी रीत परकी नाही.

इतके सांगून झाल्यावर दुसरी बाजू न सांगणे म्हणजे एजंटगिरी होईल.

कंपनी काढणे सोपे, पाळणे महाग. डिजिटल सह्या, नाव मिळवणे, मेमोरँडम-आर्टिकल्स, सगळे आता ऑनलाइन होते. सरकारी फीचा बोजा फारसा नाही. खरा खर्च दरवर्षीचा. वर्षभरात एकही रुपया आला-गेला नाही तरी सनदी लेखापालाकडून लेखापरीक्षण करावेच लागते. एओसी-४ आणि एमजीटी-७ असे दोन वार्षिक फॉर्म असतात. ते मुदतीत गेले नाहीत तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला शंभर रुपये, आणि या दंडाला वरची मर्यादा नाही. जयंतीच्या धावपळीत विसरलो, सचिवाची बदली झाली, ही कारणे तिथे संगणकाला सांगायची असतात, आणि संगणक ऐकत नाही. सलग तीन वर्षे कागद गेले नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र. २०१७ साली सरकारने एका झटक्यात तीन लाखांहून अधिक संचालक असे अपात्र ठरवले. कलम ८ चे नियम मोडल्यास कंपनीला दंड दहा लाखांपासून सुरू होतो. तक्रार न्यायची तर धर्मादाय कार्यालय नाशिकला आहे, पण कंपनीच्या सभासदांवरील अन्यायाचा अर्ज मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे, आणि तोही शेअर नसलेल्या कंपनीत किमान एक पंचमांश सभासद एकत्र आले तर. एकट्यादुकट्या म्हाताऱ्या सभासदाला हा रस्ता बंदच म्हणायचा.

सी.एस.आर.चे म्हणाल तर, मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के खर्च करायचे हे खरे, पण ते ट्रस्ट आणि सोसायटीलाही मिळतात, आणि मागणाऱ्या संस्थेचे सर्वसाधारणपणे तीन वर्षांचे काम दाखवावे लागते. पंधरा दिवसांच्या कंपनीच्या दारात कुणी रांग लावत नाही. आयकराच्या सवलतीची नोंदणी वेगळी करावी लागते आणि तिचेही नूतनीकरण असते. तेव्हा जयंती मंडळ, बचत गट, भजनी मंडळ यांनी या फंदात पडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या कामाला स्थावर जागा लागणार आहे, जे काम दोन पिढ्या चालवायचे आहे आणि ज्यासाठी दरसाल लेखापालाची फी बाजूला काढण्याची तयारी आहे, त्यांनीच याचा विचार करावा. सायखेड्याची अभ्यासिका या तिन्हींत बसते असे आम्हाला वाटते.

पण एका अटीवर, आणि ही अट कुठल्याही कायद्यात लिहिलेली नाही. मेमोरँडमवर पहिल्या सह्या करणारेच कंपनीचे पहिले सभासद असतात. नव्यांना घ्यायचे की नाही हे पुढे आर्टिकल्स ठरवतात. सह्या करणारे सातही जण एकाच भावकीचे आणि आर्टिकल्समध्ये 'संचालक मंडळाच्या मर्जीने सभासद करून घेता येईल' असे वाक्य असले, की झाले. मालक नसलेल्या कंपनीला मालक मिळाला! मग ती ट्रस्टपेक्षा वाईट, कारण आता तिला कायद्याचे अमरत्वही आहे. आमच्याकडे आलेल्या कच्च्या यादीत सात नावांपैकी सहा पुरुष आणि पाच एका आडनावाचे होते. अभ्यासिकेसाठी सर्वांत जास्त धडपडणाऱ्या दोन मुलींपैकी एकीचेही नाव नव्हते. का, म्हणून विचारले तर उत्तर आले, त्यांची लग्ने होऊन त्या जातील. मुलगे पुण्याला जाणार नाहीत काय?

म्हणून आर्टिकल्समध्ये काय असावे हे जरा सविस्तर सांगतो. खासगी स्वरूपाच्या कंपनीत सभासदांची मर्यादा दोनशे. पब्लिक स्वरूपात ती नाही, मात्र सुरुवातीला किमान सात सभासद लागतात. गावची संस्था पब्लिक स्वरूपातच करावी, कारण तिथे ठराविक संचालकांना आळीपाळीने निवृत्त व्हावेच लागते आणि तहहयात अध्यक्षाची वाट अरुंद होते. अठरा वर्षांवरील, उद्देश मान्य असणारा, हमी लिहून देणारा कुणीही अर्ज करील तर त्याला इतक्या दिवसांत सभासद करावे, नाकारल्यास कारण लेखी द्यावे आणि सर्वसाधारण सभेत त्यावर अपील असावे, असे शब्द घालावेत. 'कुणीही' म्हणजे कुणीही. गावातला मराठा, माळी, कोळी, मुसलमान मुलगा अभ्यासिकेत बसणार असेल तर त्याच्या बापाला सभासद होता आले पाहिजे. बाबासाहेबांच्या सभेचे अध्यक्षपद सेटलवाडांकडे होते, हे विसरू नये. संचालकांची निवड गुप्त मतदानाने, अशी तरतूद करता येते. तीही करावी. भिक्खुसंघात मतमोजणी आणि गुप्त मतदानाचे नियम होते याची आठवण बाबासाहेबांनी संविधान सभेतल्या त्याच भाषणात करून दिली होती. निम्म्या संचालक महिला असाव्यात. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. कलम ८ च्या ठरीव मेमोरँडमप्रमाणे सभासदाला केवळ सभासद म्हणून पगार घेता येत नाही. खिशातून केलेला खर्च, दिलेल्या कर्जावरचे वाजवी व्याज, जागेचे वाजवी भाडे आणि सभासद म्हणून करायच्या कामापलीकडे प्रत्यक्ष केलेल्या सेवेचा माफक मोबदला एवढेच घेता येते. म्हणून जो ग्रंथपाल पगारावर नेमायचा त्याने शक्यतो सभासद न होणे बरे. बेरोजगार संस्थापकांनी हे सही करण्यापूर्वी नीट वाचावे, पुढे रुसवेफुगवे नकोत.

राहिला जागेचा प्रश्न, आणि घोडे तिथेच अडणार आहे. एका कुटुंबाने रस्त्यालगतचे चार गुंठे अभ्यासिकेला द्यायचे कबूल केले आहे. त्यांचे मन मोठे आहे, पण ती जमीन जुनी महार वतनाची. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने खालसा झाली आणि जमिनी मूळ वतनदारांना नव्या अविभाज्य शर्तीवर परत मिळाल्या. त्या जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय दानही देता येत नाहीत. शिवाय जी शेतजमीन आहे ती शेतकरी नसलेल्या कंपनीच्या नावावर कूळ कायद्याच्या कलम ६३ मुळे सहज होत नाही. साध्या शंभराच्या स्टँपवर दानपत्र लिहून इमारत उभी केली तर दहा वर्षांनी शर्तभंगाची नोटीस येईल आणि त्या कुटुंबाची जमीन सरकारजमा होण्याची वेळ येईल. देणाऱ्याचेच नुकसान! तेव्हा पहिला अर्ज कंपनी निबंधकाकडे करायचा नाही. तो तलाठ्याकडून सातबारा आणि फेरफार काढून, सर्व सहहिस्सेदारांच्या, बहिणींच्यासुद्धा, संमतीसह जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. परवानगी येईपर्यंत अभ्यासिका भाड्याच्या खोलीत चालवावी, जमाखर्चाची वही रोज लिहावी, आणि तोवर सात नावांची यादी पुन्हा करावी.